यादीत नसलेल्या माणसाचा पुकारा

आमच्या तातेरावदादाला साधा चहा मागायचा असला तरी तो तीन वेळा मागतो. दुसऱ्या हाकेलाच वहिनी कप घेऊन समोर उभी राह्यली तरी हा तिच्या तोंडाकडं बघत तिसरी हाक पुरी करतो आन् मंगच कप हातात घेतो. मालनवहिनी हे कैक वर्षं ऐकून राह्यली. मी एकदा म्हनलं, वहिनी, तुला कोनीतरी शाल-नारळ द्यायला पाहिजे. ती म्हनली, शाल नको, कानात घालायला कापूस द्या म्हना.

कारन काय, दादा कोर्टात शिपाई होता. साहेबाच्या दाराशी उभं राहून पुकारा करनारा शिपाई. आत साहेबानं कागद हातात घेतला की दादानं बाहेर यायचं आन् नाव पुकारायचं. मानूस लिंबाखाली बसेल असो, चहाच्या गाड्यावर असो, नाहीतर वकिलाच्या मागं फिरत असो, त्याला ऐकू गेलं पाहिजे. अमका अमका, हाजिर हो. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्याला बी आला न्हाई तर तो गैरहजर, मंग साहेबानं काय लिहायचं ते लिहावं. चौतीस वर्षं दादानं हेच केलं. मंठ्याच्या कोर्टात सुरुवात केली आन् मंग बदल्या होत होत कुठं कुठं फिरला. पांढरे कपडे, छातीवर तिरपा लाल पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. बिल्ला रोज चिंचेनं घासायचा. वहिनीला वरनाला चिंच उरायची न्हाई.

आन् आवाज म्हनाल तर काय सांगू. वडीगोद्रीला आमचं, म्हंजे माझ्या माहेरचं, घर हायवेपासून दोन वावरं आत. तिथून दादानं हाक मारली की हायवेवरच्या शिवाजीच्या हाटेलात बसेल मानसं वळून बघतात. एकदा त्यानं नुसतं शेळीला बोलवलं, तर पलीकडच्या मळ्यातला बद्रीनाथ चपला हातात घेऊन 'आलो, आलो' करत पळत आल्ता. बिचाऱ्याची तवा कुठंतरी तारीख चालू होती.

घरात बी कोर्टच. जेवायच्या टायमाला दादा दारात उभा राहून एकेकाचं नाव घ्यायचा. तिसऱ्या पुकाऱ्याला जो ताटावर न्हाई तो गैरहजर, त्याचं ताट उचललं. माझी स्वतःची मटनाची वाटी अशीच गेली. माहेरी आल्ते, न्हानीत केस धूत होते. ओल्या केसानं पळत आले तवा दादा माझी वाटी भाकरीनं पुसून राह्यला होता. म्हने, बाई, तीन झाले. त्या वाटीचं मी त्याला आजबी ऐकवते. तो म्हनतो, अपील कर.

नातीचं नाव साक्षी, ते बी त्यानंच ठेवलं. पाळन्याशी उभा राहून तीनदा पुकारलं. पोरगी दचकून असं रडली की शेजारच्या दोन गल्ल्यांतली लेकरं उठली. दादा खुश. म्हने, हजर हाये, लिहून घ्या.

सहा वर्षं झाली रिटायर होऊन. हापिसानं हार घातला, बिल्ला जमा करून घेतला, पट्टा जमा करून घेतला. आवाज मात्र कोनी जमा करून घेतला न्हाई. तो घरी आला. मंग चहा, शेळी आन् वहिनी, एवढ्यांवरच सगळा जोर.

आता ही साक्षी. जालन्याला बीसीए केलं पोरीनं, चांगल्या मार्कांनी. घरी आली आन् लॅपटॉपवर गेम खेळत बसली. खेळती म्हंजे नुसती खेळत न्हाई, त्यातली मानसं काय बोलून राह्यली ते वहीत मराठीत लिहिती. मी विचारलं हे कशाला, तर म्हने, आत्या, हे बी काम असतं. मी सगळ्यांचीच आत्या, तिच्या बापाची बी आन् तिची बी. तिचा बाप देवानंद, माझा भाचा, त्याला हे काम काही पटेना. त्यानं हायवेवरच्या बालकिशनशेठच्या दुकानात शब्द टाकला. शेठचं ठिबकच्या नळ्यांचं मोठं दुकान, कॉम्प्युटरवर बिलं करायला मानूस पाहिजेच होतं. शेठ मानूस भला, एकच नियम कडक. कामावर आलं की मोबाइल ड्रॉवरमध्ये, संध्याकाळी घरी जाताना काढायचा.

सोमवारपासून जायचं ठरलं, आन् बुधवारी पुन्याच्या एका कंपनीचा मेल आला. ही कंपनी बाहेरच्या देशातले गेम मराठीत आनती. त्यांनी साक्षीला एका गेमची सुरुवात पाठवली, चार मिनिटांची. ह्यातलं बोलनं मराठीत करायचं, घरच्या मानसांचे आवाज घालायचे, आन् शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं. आवडलं तर नोकरी. देवानंदनं तिला सांगून टाकलं, शनिवारपर्यंत तुझं, सोमवारपासून माझं. पोरगी तीन दिवस नीट जेवली न्हाई. तिला नळ्यांची बिलं फाडायची नव्हती, तिला हेच पाहिजे होतं.

मी त्या आठवड्यात माहेरीच होते. ती सुरुवात तिनं आम्हाला दाखवली. बिलकुल मंगल न्हाई, आधीच सांगते. एका राजाच्या किल्ल्यात बैलगाडी येती. गाडीत हात बांधेल कैदी. एकानं राजाच्या कोठारातलं मीठ चोरलं, एक बाई राजावर गानं म्हनली, आन् तिसरा कोन ते कोनालाच ठाऊक न्हाई. चौकात लाकडाचा मोठा ओंडका, शेजारी कुऱ्हाड घेऊन तोंड झाकेल जल्लाद. एक कारकून यादी घेऊन उभा. तो नाव वाचतो, कैदी खाली उतरतो, ओंडक्यावर मान ठेवतो, पुढचं तुम्ही समजून घ्या. शेवटी तिसऱ्याची पाळी येती तर त्याचं नाव यादीतच न्हाई. कारकून कप्तानाला विचारतो, ह्याचं काय करायचं. कप्तान म्हनतो, यादी राहू दे, ने त्याला. कारकून म्हनतो, जशी आज्ञा. मान ओंडक्यावर जाती, कुऱ्हाड वर जाती, आन् तेवढ्यात आभाळातून आग ओकत ड्रॅगन येतो. मंग पळापळ, आन् तिथून गेम सुरू.

वहिनीनं पदर डोळ्यावर घेतला होता, पन ड्रॅगन आल्यावर काढला. म्हने, हे बरं झालं.

दादा मात्र खुर्ची पुढं ओढून बसला. पहिल्यापासून त्याच्या हरकती. मीठ चोरलं तर मुद्देमाल कुठंय? बाईचा वकील कोन? निकालाची नक्कल ह्यांना दिली का? साक्षी हसून म्हनत होती, आबा, गेम हाये. पन तिसऱ्या कैद्याशी आल्यावर दादानं खुर्ची आनखी पुढं ओढली. मंग म्हनला, याला आनलं कोनी? साक्षीनं समजावलं, आबा, हा तिसरा म्हंजे जो गेम खेळतो तो. म्हंजे तुम्ही. तुमची मान ओंडक्यावर हाये असं वाटायला पाहिजे, म्हनून असं.

दादानं गळ्यावरून हात फिरवला. म्हनला, यादीत नाव न्हाई आन् मान माझी.

मी हसले. मला काय ठाऊक पुढं काय होनार ते.

आवाजाचं वाटप झालं. कप्तान मी. साक्षी म्हनली, आत्या, तुम्हाला वेगळं काही करायचं न्हाई, रोज बोलता तसंच बोला. गानारी बाई ती स्वतः. मीठचोर तिचा भाऊ प्रितम. कारकुनाला प्रितमचा आवाज घेऊन बघितला, पन तो यादी वाचतो तर एस्टीच्या स्टँडवर गाडी लागल्यागत वाटतं. साक्षी म्हनली, आबांशिवाय कारकून होऊच शकत न्हाई. दादानं वरवर आढेवेढे घेतले, पन सकाळी दाढी करून, पांढरा सदरा घालून हजर.

रेकॉर्डिंग कुठं करायचं, तर हायवेच्या ट्रकांचा आवाज सगळीकडं येतो. पोरगी हुशार. मागच्या खोलीत यंदाचा कापूस भरेल, पार माळ्याला टेकेल. तिनं त्यात मधी चौघं बसतील एवढी जागा केली. खरं सांगते, आत बोललं तर स्वतःचा आवाज बी कापूस खाऊन टाकतो. वहिनी दारातून बघून म्हनली, एवढी वर्षं मी कानाला कापूस मागत होते, आज सगळ्या घरालाच दिला. प्रितमला मात्र कापसाची अॅलर्जी, तो आत बसला की नाक चोंदतं, म्हनून त्याचं मीठचोराचं काम पहिले उरकून त्याला जल्दी बाहेर काढला.

पहिल्याच नावाला घोटाळा. दादानं मीठचोराला तीनदा पुकारलं. साक्षी म्हनली, आबा, पडद्यावर त्या कारकुनाचं तोंड एकदाच हलतं, तीन सेकंद. दादा म्हनला, मंग त्याला काम येत न्हाई. अर्धा घंटा वाद. शेवटी मीच तोड काढली. म्हनलं, दादा, आरोपी समोर हात बांधून उभा हाये, समोरच्या मानसाला कोनी तीनदा पुकारतं का? त्यानं विचार केला. हे कायद्यात बसतं म्हनला. मंग मात्र एका दमात सगळी यादी वाचली, आन् काय वाचली. कापसात बसून माझ्या अंगावर काटा आला. साक्षीनं डोळे मिटले होते.

आली तिसऱ्याची पाळी. मी कप्तानाच्या तोऱ्यात म्हनलं, यादी राहू दे, ने त्याला. आता दादानं 'जशी आज्ञा' म्हनायचं. दोन शब्द.

दादा बोलेना.

साक्षीला वाटलं, कागद दिसत न्हाई. तिनं मोबाइलचा उजेड धरला. पुन्हा मी म्हनलं, यादी राहू दे, ने त्याला. दादा कागदाकडं बघत बसला, मंग उठला, सदऱ्याचा कापूस झटकला आन् बाहेर निघून गेला. हा शुक्रवार. शनिवारी सकाळी बी तेच. यादी वाचायला तयार, ते दोन शब्द म्हनायला तयार न्हाई. साक्षीनं विनवलं, आबा, माझ्यासाठी म्हना. ती असं म्हनली की दादाचं तोंड एवढंसं झालं, तरी आवाज फुटेना. देवानंद चिडून म्हनला, म्हाताऱ्याचा हेका, पोरीचं नुकसान करून राह्यले. साक्षीनं वही मिटली आन् वरच्या गच्चीवर जाऊन बसली.

आता मला एक ठाऊक होतं, जे त्या घरात दुसऱ्या कोनालाच ठाऊक नव्हतं.

लोकाला वाटतं दादाला तीन हाकांची सवय नोकरीनं लावली. तसं न्हाई. पहिली बारा वर्षं तो घरी एकदाच हाक मारायचा, तुमच्या-आमच्यासारखी. मंग एका तालुक्याला बदली झाली. कोनता ते मी सांगत न्हाई. तिथं एक म्हातारी यायची, कौतिकाबाई नावाची. बांधाचं भांडन होतं दिरासंगं. वाडीवरून चालत यायची, पिशवीत कागद आन् भाकर. एक दिवस तिची केस निघाली. दादानं बाहेर येऊन पुकारा केला. ती दिसंना. दुसरा केला. आतून साहेब म्हनले, बस, चला पुढचं. त्यांना घाई होती. दादा म्हनला, जी साहेब. तिसरा केला न्हाई. पुढची केस लागली, आन् म्हातारी नळावरून पानी पिऊन आली, हनुवटीवर पानी तसंच. तवर गैरहजर लिहून केस काढून टाकेल.

ती केस परत उभी करायला चार वर्षं गेली. दादा स्वतः तिच्यासंगं वकिलाकडं जायचा, सुट्टी टाकून. निकाल तिच्या बाजूनं लागला शेवटी. पन केस गेली त्याच दिवशी दादानं तिला सांगून टाकलं होतं, की बाई, मी तिसरा पुकारा केला न्हाई. तर ती म्हनली, तुमचा काय कसूर भाऊ, तुम्हाला साहेबानं सांगितलं. त्या संध्याकाळी दादा माझ्या घरी आल्ता. माझ्या हातची भाकर त्यानं आयुष्यात एकदाच परत केली, ती त्या दिवशी. म्हनला, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तवापासून तीन हाका. चहाला बी, शेळीला बी. आन् मी मेली वाटीवरून त्याला चिडवत राह्यले.

शनिवारी तीन वाजून गेले. मी चहा केला आन् दादापुढं ठेवला. तो वसरीवर खांबाला टेकून बसेल. म्हनलं, दादा, तो पडद्यावरचा कारकून 'जशी आज्ञा' म्हनतो. तू असता तर काय म्हनला असता?

तो म्हनला, "तेच तर म्हनलो होतो, बाई."

मी त्याला सुटू दिलं न्हाई. म्हनलं, तवाचं सोड. आज मी कप्तान हाये, आन् कप्तानाला काही घाई न्हाई. आज काय म्हनशील?

त्यानं चहा पिला. एकाही हाकेशिवाय पिला, हे वहिनीनं चुलीपासून बघितलं. मंग म्हनला, साक्षीला बोलव.

चौघं कापसात. वहिनीला बी घेतलं, ती म्हनली मी एकटी बाहेर काय करू. साक्षीनं डोळे पुसले, कानाला ते मोठं यंत्र लावलं आन् बोट वर केलं. पडद्यावर तिसरा कैदी उभा. मी म्हनलं, यादी राहू दे, ने त्याला.

दादा म्हनला, "साहेब, तिसरा पुकारा राह्यला."

आवाज मोठा न्हाई, साधा. मंग तो त्या एवढ्याशा जागेत उभा राह्यला, डोकं कापसात गेलं, छाती भरून घेतली, आन् पुकारलं.

"कौतिकाबाई भ्रतार रंगनाथ, हाजिर हो."

मी तुम्हाला सांगते, सगळा कापूस हालला. आन् बराबर त्याच टायमाला पडद्यावर ड्रॅगन आला. कोनी ठरवलं नव्हतं, सेकंदाचा हिशोब त्या गेमचा. पन आम्हाला चौघांना तेच वाटलं, की दादानं पुकारला म्हनून हजर झाला. साक्षी तोंडावर हात ठेवून बसेल, आवाज होऊ नये म्हनून.

पहिले वहिनी बोलली. म्हनली, ही कोन कौतिकाबाई?

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडी परक्या बाईचं नाव, आन् तेबी एवढ्या मोठ्यानं. दादाला घाम फुटला. मी म्हनलं, वहिनी, चल, तुला सगळं सांगते. बाहेर नेऊन सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. आत गेली, आन् न मागता दादाला दुसरा चहा घेऊन आली. आता दादाची पंचाईत. चहा तर समोर, तीनदा मागायचा कसा?

साक्षीनं ते तसंच ठेवलं. दुसरं करायला टाइम बी नव्हता. लॅपटॉप पोटाशी धरून ती प्रितमच्या गाडीवर बसून शिवाजीच्या हाटेलावर गेली, तिथं रेंज चांगली. पाचला चार मिनिटं कमी असताना ते गेलं. शिवाजीनं सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं, कोनी मोबाइल लावू नका, पोरीचं चाललंय.

रविवार गेला. सोमवारी साक्षी शेठच्या दुकानात गेली, मोबाइल ड्रॉवरमध्ये, बिलं सुरू. संध्याकाळी मोबाइल काढला तर पुन्याच्या नंबरवरून दोन फोन येऊन गेल्ते. एक अकराला, एक दीडला. तिनं उलटा लावला तर मशीनमधली बाई म्हनती, ह्या नंबरवर फोन घेतले जात नाहीत. मेल टाकला, उत्तर न्हाई. पोरगी तशीच दारात बसली, चपला पायात. देवानंदला बी वाईट वाटलं असनार, पन बाप लोकाला ते बोलता येत न्हाई. म्हनला, त्यांना काय, शंभर पोरी असतील, दुसरीला केला असंल फोन.

दादा म्हनला, "दोन झाले. तिसरा राह्यला."

देवानंद म्हनला, बाबा, ते कोर्ट न्हाई, ती कंपनी हाये. दादानं त्याच्याकडं बघितलं बी न्हाई.

मंगळवारी सकाळी दादा स्वतः बालकिशनशेठकडं गेला, आज साक्षीला सुट्टी द्या म्हनायला. मी संगं गेले, मला मजा बघायची होती. शेठ गादीवरून उठून उभे राह्यले. म्हनले, तातेराव, जमिनीच्या कामात मी तुमच्या दारापुढं दोन तारखा काढल्यात. तुम्ही नाव पुकारलं की मला स्वतःचंच नाव ओळखू येत नव्हतं. आन् आज तुम्ही माझ्यापुढं हात बांधून? न्या पोरीला, आजच्या बिलाला सुगनबाई बसतील. सुगनबाई म्हंजे शेठानी. त्या आतून म्हनल्या, बसते, पन माझा मोबाइल ड्रॉवरमध्ये जानार न्हाई.

घरी येऊन दादानं सगळं हातात घेतलं. अंगनात जिथं रेंजचे चार दांडे दिसतात तिथं खुर्ची ठेवली, खुर्चीवर उशी, उशीवर मोबाइल. शेळी पलीकडच्या मळ्यात बद्रीनाथच्या हवाली. वहिनीला मिक्सर लावायची बंदी, तिनं चटनी पाट्यावर वाटली. प्रितमला शिंकायची बंदी. साक्षी खुर्चीच्या एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कपड्यात ताठ उभा, जसा चौतीस वर्षं उभा होता, फक्त छातीवर पट्टा न्हाई. मी म्हनलं, दादा, बस की, पाय दुखतील. म्हनला, कोर्ट चालू असताना बसत न्हाईत.

दहा वाजून गेले. साडेदहा वाजले. साक्षी नखं खाऊन राह्यली होती. अकराला पाच कमी असताना मोबाइल वाजला.

आता बघा, ह्या मानसानं आयुष्यभर दुसऱ्याला पुकारलं. किती हजार मानसं त्याच्या आवाजाला पळत आली असतील, धोतर सावरत, पदर सावरत. त्याचं नाव कव्हा कोनी पुकारलं न्हाई. घंटी वाजली, साक्षीचा हात पुढं गेला, पन तिच्या आधी दादाच बोलला. खुर्चीपासून दोन हातांवरून, सगळ्या छातीनं.

"हजर हाये."

कोंबड्या उडाल्या. मळ्यातून बद्रीनाथचं 'काय झालं' ऐकू आलं. साक्षीनं मोबाइल कानाला लावला, तर तिकडची बाई हसूनच राह्यली. साक्षीच्या बोटानं बटन दाबलं गेल्तं तवर, त्या बाईनं सगळं ऐकलं. म्हनली, "हाच का तो आवाज? आम्ही कालपासून ऑफिसात हाच ऐकतोय."

पुढचं साक्षीनं आम्हाला सांगितलं, कारन दादानं खुर्चीवर बसकन मारली होती आन् वहिनी त्याला पानी पाजून राह्यली होती. बाई दोन गोष्टी बोलली. एक, मूळ गेमात जे हाये त्याचा अर्थ बदलायचा नसतो, कारकून 'जशी आज्ञा'च म्हनतो, ते पुन्हा करून द्या, असं परत करू नका. दोन, एक तारखेपासून कामाला या, पहिले तीन महिने घरून, बघू कसं जमतं ते. आन् त्या कारकुनाला सोडू नका.

देवानंदनं पेढे आनले, शेठच्या दुकानात बी देऊन आला. शेठ म्हनले, आता बिलं कोन करनार? सुगनबाईंना गल्ला आवडला होता, त्या उठायलाच तयार न्हाईत म्हने.

राह्यला दादा. साक्षीनं त्याला सांगितलं, आबा, ते दोन शब्द द्यावेच लागतील. दादानं रात्रभर विचार केला असावा. सकाळी म्हनला, सगळी यादी वाचीन, पुढच्या दहा याद्या वाचीन, मिठाच्या चोराची माफी बी मागीन. ते दोन शब्द मात्र माझ्याकडून न्हाई. ज्याला जमतं त्याच्याकडून घे.

मंग काय, घेतले. प्रितमला परत कापसात घातला, तीन मिनिटांत नाक चोंदलं. कंपनीनं बी चालवून घेतलं, का त्यांच्या ध्यानातच आलं न्हाई, देव जाने. आता तो गेम लोकं खेळतील तवा त्यांना दिसेल, कारकून सगळी यादी आमच्या तातेरावदादाच्या आवाजात वाचतो, कसा खणखणीत, आन् शेवटी 'जशी आज्ञा' म्हनायची वेळ आली की तेवढ्यापुरती त्याला सर्दी होती.

मी दादाला म्हनलं, तुझ्या कारकुनाला थंडी बाधली वाटतं. तो म्हनला, त्याची तब्येत त्याच्यापाशी. मंग त्यानं वहिनीला चहासाठी हाक मारली. एकदा मारली, थांबला, माझ्याकडं बघितलं, आन् उरलेल्या दोन बी मारल्या.